जुन्या स्पोर्ट्स कारचा अडकलेला सेल्फ : काढावा कसा आणि मोडला तर भरपाई कोणाची?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका मिस्त्रीभाईंचे पत्र आमच्याकडे आले आहे. हल्ली ते मुंबईत असतात. उपनगरातील एका शेठजींच्या बंगल्यावर जुनी इंग्रजी बनावटीची दोन आसनी एमजीबी गाडी आहे. तिचा स्टार्टर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत सेल्फ, बिघडला आहे. गाडी ओढून नेण्यास शेठजी तयार नाहीत, म्हणून काम त्यांच्या अंगणातच करायचे ठरले. मिस्त्रीभाईंनी दोन्ही बोल्ट काढले, पण सेल्फ जागचा हलत नाही. दोन दिवस गेले. आता पहार लावावी की ब्लो लॅम्पने तापवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. शेठजी मात्र आधीच सांगून बसले आहेत की काही मोडले तर भरून द्यावे लागेल. मजुरी ठरली आहे, पण ती कशी ठरली हे पत्रावरून नीट कळत नाही.

प्रश्न एका माणसाचा असला तरी तो अनेकांच्या कामाचा आहे. आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी मोटार दुरुस्ती, वायरिंग, डेंटिंग आणि जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात आहेत. हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांचे काम आता त्यांच्याकडे येऊ लागले आहे. त्यात पैसा बरा मिळतो, पण एका चुकीत महिन्याची कमाईही जाऊ शकते. म्हणून आम्ही उत्तर सविस्तर देत आहोत.

प्रथम गाडीविषयी. एमजीबी इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झाली आणि सर्व प्रकार मिळून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. (सध्या आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या एमजी नावाच्या मोठ्या गाड्या २०१९ पासून आल्या. नावापलीकडे त्यांचा हिच्याशी संबंध नाही.) तिचे इंजिन १७९८ सीसीचे, बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातले. आपल्या अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन याच घराण्यातले होते. अँबॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली, पण तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून पुष्कळ आहेत. त्यांना एमजीबीचे बॉनेट उघडले की परके वाटणार नाही. एका बाजूला कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला, म्हणजे गाडीच्या उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटर, तेलाचा फिल्टर आणि खाली सेल्फ. फरक जागेचा आहे. अँबॅसेडरमध्ये हात घालायला ऐसपैस जागा होती, येथे गाडी बुटकी आणि सगळे दाटीवाटीने बसवलेले.

सेल्फ खरोखर बिघडला आहे काय?

हा प्रश्न काहींना आवडणार नाही. पण आम्ही असे पाहिले आहे की, दिवसभर खपून सेल्फ काढला जातो आणि टेबलावर लावला की तो उत्तम फिरतो. दोष दुसरीकडेच असतो. एमजीबीत १९७४ पर्यंत बॅटऱ्या सीटच्या मागे, जमिनीतल्या झाकणाखाली असत. एक नव्हे तर सहा व्होल्टच्या दोन, एका वायरीने जोडलेल्या. डोळ्यांआड असल्यामुळे तिकडे कोणी पाहत नाही. जोडवायरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि करंट अर्ध्यावर अडतो. मीटर लावून पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी बारा-साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊ-दहाच्या खाली कोसळली तर आधी बॅटरी आणि जोडण्या तपासाव्यात. दुसरी जागा इंजिनच्या अर्थच्या पट्टीची. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी पट्टी लागते. मागच्या कोणी गिअरबॉक्सच्या कामात ती काढली आणि परत लावली नाही, तर करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल गरम लागली की समजावे.

एवढे पाहून सेल्फच दोषी ठरला, तर मग तो काढण्याचा विचार.

अडकतो तो तीन ठिकाणी

आमच्या मते मिस्त्रीभाईंचे दोन दिवस वाया गेले त्याचे कारण हेच, की सेल्फ कशात अडकला आहे हे न ठरवता जोर लावला गेला. सेल्फ तीन प्रकारे अडकतो. त्याचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये गुंतलेले असतात, बोल्ट गंजलेला असतो, किंवा त्याचे तोंड ज्या भोकात बसते तेथे गंजाने धरलेले असते. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर नुकसान होते.

दात्यांचे आधी पाहू. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला जुन्या बेंडिक्स पद्धतीचा सेल्फ होता. यात मोटर फिरली की छोटे दातेरी चक्र झटक्याने आट्यांवरून सरकते आणि फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये शिरते. दाते झिजले, किंवा आट्यांत क्लचची धूळ आणि तेल मिळून चिकटा बसला, तर ते तेथेच गुंतून बसते. खूण अशी की बटण दाबले तर नुसता एक आवाज होतो, दिवे एकदम मंद पडतात आणि इंजिन हलत नाही. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा दोनच जागी येऊन थांबते. त्यामुळे रिंगचे दाते त्या दोन जागीच जास्त झिजतात आणि गाडी नेहमी तेथेच फसते.

यावर उपाय सोपा आहे. लुकस बनावटीच्या या जुन्या सेल्फच्या मागच्या टोकाला पत्र्याची टोपी असते. ती काढली की आतून आर्मेचरचे चौकोनी टोक दिसते. पाना लावून ते फिरवले की दाते सुटतात. ते जमले नाही तर सपाट जागेवर इग्निशन बंद ठेवून, टॉप गिअरमध्ये टाकून, गाडी हाताने मागेपुढे हलवावी. चटकन आवाज येतो आणि सुटते. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींना ही युक्ती पाठ होती. हल्लीच्या पोरांना माहीत नाही, कारण नव्या गाड्यांना तिची गरज पडत नाही.

१९६७च्या अखेरीस एमजीबीचा सेल्फ बदलला. नव्यात सोलेनॉइड मोटरीच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि तो आधी दाते जुळवून मगच मोटर फिरवतो. याचे दाते सहसा असे गुंतत नाहीत. मिस्त्रीभाईंनी लिहिले आहे की मोटरीच्या डोक्यावर दुसरे छोटे नळकांडे आहे. याचा अर्थ त्यांच्या हाती हा नवा प्रकार आहे. तरीही एकदा गाडी गिअरमध्ये हलवून घ्यावी. पाच मिनिटांचे काम, शंका मिटते.

बॅटरी आणि घोडी

हा नवा प्रकार असल्यामुळे एक धोका आहे आणि तो ठळकपणे सांगितला पाहिजे. जुन्या प्रकारात सोलेनॉइड लांब, बॉडीवर असे. बटण दाबले तरच मोटरीच्या जाड वायरीत करंट येई. नव्यात बॅटरीची जाड वायर थेट सेल्फवर येते आणि ती सदैव जिवंत असते. चावी काढून घेतली तरी जिवंत. पाना त्या नटावर आणि दुसरे टोक बॉडीवर टेकले की मध्ये फ्यूज नाही. पाना तापून लाल होतो, बॅटरी फुटू शकते, तेलकट मळी पेट घेते. म्हणून बॅटरीची वायर काढल्याशिवाय खाली हात घालू नये.

कोणती वायर आधी काढावी? आपण सगळे शिकलो ते ‘निगेटिव्ह आधी’. ते अर्धेच खरे आहे. नियम असा की जी वायर बॉडीला जोडली आहे ती आधी काढावी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेली असे. त्या गाडीत ‘निगेटिव्ह आधी’ म्हणून पाना लावला आणि तो बॉडीला टेकला, तर व्हायचा तोच भडका होतो. शिवाय अशा गाड्यांत नंतर कोणी तरी जोडण्या उलट करून घेतलेल्या असतात. म्हणून सालावर भरवसा न ठेवता डोळ्यांनी पाहावे.

दुसरी गोष्ट गाडी उचलण्याची. गॅरेजमध्ये खड्डा असतो, शेठजींच्या अंगणात नसतो. ही गाडी जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर. खाली शिरायचे तर उचलावीच लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. जॅकचे तेल सुटते, फरशी सरकते. विटा लावू नयेत, वीट अचानक फुटते. लोखंडी घोड्या चेसिसच्या भक्कम भागाखाली लावाव्यात, चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावी. काढलेले चाक गाडीखाली आडवे सारून ठेवावे. घोडी गेलीच तरी तेवढी जागा राहते. आपल्या ओळखीत प्रत्येकाला असे एखादे घर माहीत असेल, जेथला कमावता माणूस गाडीखाली गेला. याहून जास्त लिहीत नाही.

बोल्ट

मिस्त्रीभाईंचे बोल्ट निघाले आहेत, पण इतरांसाठी दोन शब्द. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे आहेत. सेल्फला बहुधा ९/१६ लागतो. तो १४.३ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे १४चा पाना बसत नाही आणि १५चा बसतो पण फिरतो. १५चा लावून ज्यांनी घाई केली त्यांनी बोल्टचे डोके गोल करून ठेवले. सहा पैलूंची इंची गोटी घ्यावी. बारा पैलूंची जुन्या बोल्टवर घसरते.

खालचा बोल्ट खालून मिळतो. वरचा दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो. लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जोड लावल्याशिवाय तेथे गोटी सरळ बसत नाही. तेलाचा फिल्टर आणि डिस्ट्रिब्युटर वाटेत येतात. डिस्ट्रिब्युटर काढायचा असेल तर त्याच्या गळ्यातील क्लँप सैल करू नये. क्लँपची पट्टी ब्लॉकला दोन लहान बोल्टांनी धरलेली असते. ते दोन काढले की क्लँपसकट डिस्ट्रिब्युटर वर येतो आणि टायमिंग हलत नाही. त्याच्या तळाची खाच मध्यापासून थोडी बाजूला असते. त्यामुळे परत बसवताना तो एकाच पद्धतीने बसतो.

गंजलेल्या बोल्टला आधी तारेचा ब्रश, मग गंज सोडवणारे तेल, मग हातोडीने डोक्यावर थेट, मध्यम जोराचे दहा-बारा टोले. टोल्याने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत शिरते. मग सोडवण्याआधी तो किंचित आवळून पाहावा. आवळताना हलला की अर्धे काम झाले. पाइप लावून लांब हात करण्याची सवय वाईट. बोल्ट आत तुटला तर तो तुटका तुकडा काढण्यात दिवस जातो.

आणि तेलाला वेळ द्यावा. पाच मिनिटांत तेल काम करत नाही. शुक्रवारी सकाळी काम काढले असेल तर तेल मारून जुम्याला निघून जावे, परत येईपर्यंत ते आत मुरलेले असते.

तोंड धरले असेल तर

आता मिस्त्रीभाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बोल्ट निघाले, दाते मोकळे आहेत, तरी सेल्फ हलत नाही. म्हणजे तिसरा प्रकार. या सेल्फचे नाक अॅल्युमिनियमचे आहे आणि ते इंजिनच्या मागच्या पोलादी प्लेटच्या भोकात घट्ट बसते. अॅल्युमिनियम आणि पोलाद एकत्र, वर पावसाळी ओलावा. अशा जागी अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि भोकात पाचरीसारखी दाबून बसते. मुंबईची खारी हवा त्यात भर घालते.

तापवावे काय? नाही. याचे कारण समजून घेतले की पुढे कोठेही चूक होणार नाही. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. अॅल्युमिनियमच्या घरात पोलादी बोल्ट जाम असेल तर घर तापवावे, कारण घर जास्त फुगते आणि बोल्ट मोकळा होतो. येथे उलट आहे. अॅल्युमिनियम आत आहे आणि पोलाद बाहेर. तापवाल तितके ते अधिक घट्ट होईल. शिवाय तेथे वायरी आहेत, तेलाची मळी आहे आणि तुम्ही स्वतः खाली पडलेले आहात. ब्लो लॅम्प बाजूला ठेवावा.

पहार लावावी काय? तीही नाही. मोटरीच्या मागच्या टोकाला पहारेने उचकटले की सगळा जोर नाकाच्या कानांवर येतो. अॅल्युमिनियम वाकत नाही, कान तुटतो. पहार चुकून आत गेली आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते दुखावले, तर एमजीबीत त्याचा अर्थ फार महाग आहे. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही. रिंग बदलायची तर इंजिन बाहेर काढावे लागते. सेल्फच्या मजुरीत इंजिन उतरवणे बसत नाही.

मग करावे काय? आधी खात्री करावी की सगळे सुटले आहे. वायरी, वायरींचे चिमटे, एखादी आधाराची पट्टी. जुन्या गाडीत मागच्या मिस्त्रीने काय जोडून ठेवले असेल सांगता येत नाही. दोन बोल्ट काढून तिसरी वस्तू राहून गेल्याने तासन् तास गेलेले आम्ही पाहिले आहेत. वायरी काढण्यापूर्वी त्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात. या सेल्फच्या जाड नटावर गाडीच्या इतर विजेच्या तपकिरी वायरीही येतात आणि त्यातील एक राहिली तर गाडीत दिवाही लागणार नाही.

मग नाक आणि प्लेट जेथे मिळतात त्या सांध्यावर सर्व बाजूंनी तारेचा ब्रश फिरवून तेल मारावे. रात्रभर ठेवावे. सकाळी पुन्हा मारावे. त्यानंतर सेल्फ ओढायचा नाही, फिरवायचा. हे या लेखातील सर्वांत उपयोगी वाक्य समजावे. गोल भोकात अडकलेली गोल वस्तू सरळ ओढली तर सगळ्या गंजाशी एकदम झगडते. स्वतःभोवती फिरवली तर गंज भुकटीसारखा दळला जातो. लाकडी हातोडीने किंवा लाकडाचा ठोकळा मध्ये धरून मोटरीच्या नाकाजवळच्या जाड भागावर आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने टोले द्यावेत. सोलेनॉइडवर टोले मारू नयेत, आणि मोटरीच्या मधल्या नळकांड्यावरही नाही, आतील चुंबकाचे भाग हलतात. बोल्टच्या भोकांकडे पाहत राहावे. भोके प्लेटच्या भोकांपासून केसभर जरी सरकली तरी काम फत्ते झाले म्हणून समजावे. मग पुन्हा तेल, पुन्हा फिरवणे. हळूहळू हालचाल वाढते.

हलू लागला की नाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी समोरासमोर पातळ पट्ट्या सरकवाव्यात. घरातील जुन्या सुरीचे पाते चालते. एका बाजूने थोडे, दुसऱ्या बाजूने थोडे. एकाच बाजूने उचकटले तर तो भोकात तिरका होऊन पुन्हा जाम होतो. निघताना एक हात खाली धरावा, कारण ही सात-आठ किलोची वस्तू अचानक सुटते आणि खाली तुमचे तोंड असते.

आखातात आपले कोकणी बांधव जपानी दोन आसनी गाड्यांवर काम करतात. त्यांना १९८९ पासून निघालेली मझदा एमएक्स-५ परिचित असेल. तिच्यात सेल्फ इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो आणि बोल्ट मिलिमीटरचे असतात. जागा वेगळी असली तरी बॅटरीची वायर, घोडी, फिरवून सोडवणे, हे सगळे तेच.

मोडले तर भरपाई कोणाची?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या फुकहांनी कपडे धुणारे, रंगारी, शिंपी यांची उदाहरणे घेऊन यावर बारीक चर्चा केली आहे. पुष्कळांचे काम घेणारा कारागीर, ज्याला ‘अजीर मुश्तरक’ म्हणतात, त्याच्या हाती आलेली वस्तू इमाम अबू हनीफा यांच्या मते अमानत आहे. ती त्याच्या कृतीशिवाय नष्ट झाली तर त्याच्यावर भरपाई नाही. पण त्याच्या स्वतःच्या कृतीने नुकसान झाले, जसे धोब्याने आपटताना कपडा फाटला, तर तो जबाबदार. इमाम जुफर आणि इमाम शाफई यांचे मत यात वेगळे आहे. कोकणातील आपले बहुतेक लोक शाफई आहेत, म्हणून ते सांगतो. कारागिराने मर्यादा ओलांडली नसेल तर त्याच्यावर भरपाई नाही. इमाम नववी यांच्या ‘मिन्हाज’मध्ये तर हेही येते की मालकाने कारागिराला आपल्या घरी आणून काम करून घेतले, किंवा तो कारागिराजवळ बसून राहिला, तर वस्तू एकट्या कारागिराच्या ताब्यात नसतेच. शेठजींचे अंगण याच प्रकारात येते.

मर्यादा ओलांडणे म्हणजे काय, यासाठी शाफई फिकहमध्ये नानबाईचे उदाहरण दिले जाते. त्याने भट्टी गरजेपेक्षा जास्त पेटवली आणि रोटी जळली, तर भरपाई त्याची. ब्लो लॅम्प आणि पहार यांचा हिशेब मिस्त्रीभाईंनी यावरून स्वतः करावा.

आणखी एक मुद्दा मजुरी कशी ठरली याचा. ‘सेल्फ काढून देण्याचे इतके’ अशी ठरली तर ते कामाचे कंत्राट झाले. ‘आज दिवसभर येतो, दिवसाचे इतके’ अशी ठरली तर त्या दिवसापुरता तो शेठजींचा खास मजूर, ‘अजीर खास’. त्याच्यावर, हलगर्जी किंवा ज्यादती केली नाही तर, भरपाई येत नाही. जे काम किती वेळ घेईल हे दिसत नाही, त्यासाठी दिवसाची मजुरी ठरवणे दोघांच्याही सोयीचे, असे आम्हाला वाटते. कामाच्या मजुरीत दोन दिवस गेले तर कारागीर घाईला येतो आणि घाईतच पहार हातात येते. आपल्या प्रकरणाचा अंतिम निर्णय मात्र जवळच्या आलिमांना सर्व हकिकत सांगून घ्यावा. आम्ही फतवा देत नाही.

देशाच्या कायद्यातही धोरण फार वेगळे नाही. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीस तो जबाबदार राहत नाही. वेगळा करार नसेल तर, हे शब्द लक्षात घ्यावेत. म्हणून शेठजींच्या ‘भरून द्यावे लागेल’ या बोलण्याला गप्प बसून मान डोलवू नये. काम सुरू करण्यापूर्वी त्यांना बोल्ट आणि गंज दाखवावा, काय मोडू शकते ते सांगावे आणि कागदाच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहून दोघांनी सही करावी. मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवावेत. याने नाती बिघडत नाहीत, टिकतात.

निघाल्यानंतर

सेल्फ खोलून कार्बन, बुश आणि आर्मेचर पाहावे. नवीन पितळी बुश टाकायचा असेल तर तो बसवण्यापूर्वी पातळ इंजिन तेलात चोवीस तास बुडवून ठेवावा. तो सच्छिद्र असतो आणि तेच तेल त्याला जन्मभर पुरते. जुन्या बेंडिक्सचे आटे रॉकेलने धुवून कोरडे ठेवावेत, त्यांना ग्रीस लावू नये. ग्रीसवर क्लचची धूळ बसते आणि दाते पुन्हा गुंतू लागतात. बसवण्यापूर्वी सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट धरून जाड वायरींनी फिरवून पाहावा. हातात धरून फिरवू नये, झटक्याने मनगट जाते.

बदली सेल्फ घ्यायचा तर कुर्ला आणि चोरबाजारातील जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांना विचारता येते, परदेशातून नवा मागवता येतो. येथे व्यापारी बांधवांना एक विनंती. जुना सेल्फ काळा रंग मारून, नवे लेबल चिकटवून नवा म्हणून विकला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ती हदीस सर्वांना माहीत आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, हाच त्यांचा प्रश्न होता. दुरुस्त केलेला सेल्फ विकण्यास काही हरकत नाही. ‘दुरुस्त केलेला आहे, कार्बन आणि बुश नवे, आर्मेचर जुने’ असे पावतीवर लिहावे. जुन्या गाड्यांची हौशी मंडळी एकमेकांना ओळखतात. पावतीवर खरे लिहिणाऱ्याकडे ती पुन्हा येतात आणि दुसऱ्यांनाही घेऊन येतात.

परत बसवताना प्लेटचे भोक आणि सेल्फचे नाक बारीक कागदाने स्वच्छ करून त्यावर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात द्यावा, बोल्टच्या आट्यांनाही द्यावा. वायर जोडण्याच्या जागी मात्र धातू उघडा, चकचकीत असावा. शेवटी बॅटरीची अर्थची वायर लावावी. काढलेला जुना सेल्फ आणि बदललेले कार्बन वर्तमानपत्रात गुंडाळून शेठजींच्या हवाली करावेत. ते त्यांचे आहेत, आणि भंगारात घालायचे की ठेवायचे हे त्यांनी ठरवायचे.